मावशींचा डबा

आमच्या मावशींच्या उशाशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्यात कात्रीने कापलेल्या, नावे अर्धी तुटलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या दाटीवाटीने भरलेल्या, आणि त्यांपैकी कोणती गोळी कोणी, कोणत्या साली व कशासाठी सुरू केली, याचा दाखला खुद्द मावशींपाशीही उरलेला नव्हता. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन आले. त्याने घोटे सुजले, जो त्या औषधाचा सुपरिचित परिणाम आहे. परंतु सूज हीच नवी व्याधी समजून लघवीची गोळी आली, तिने रात्रीची झोप मोडली म्हणून झोपेची गोळी आली, आणि एके पहाटे मोरीच्या उंबऱ्याशी मावशींचा तोल गेला.

वार्धक्यात मूत्रपिंडांची शक्ती क्षीण होते व अनेक औषधे देहात अधिक काळ रेंगाळतात. म्हणूनच मार्क बीअर्स या अमेरिकन वैद्यांनी 1991 साली सहकाऱ्यांसह वृद्धांना शक्यतो न द्यावयाच्या औषधांची यादी सिद्ध केली.

मला अपार कृतज्ञता वाटते ती आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरीणबाईंविषयी. बाहेर रांग खोळंबलेली असताना त्यांनी तो डबा टेबलावर उपडा केला, एकाच औषधाच्या निराळ्या नावांच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या, “मनानं एकही गोळी बंद करायची नाही हं, आजी,” अशी ताकीद दिली, आणि झोपेच्या गोळीची मात्रा आठवड्या-आठवड्याने कशी उतरवायची, ते मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहून दिले. तो कागद आता देवघराशेजारी, कालनिर्णयाच्या खिळ्याला अडकवलेला आहे.