पाठीचा बाक

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की टोपल्या उतरवायची घाई उडते. लांबून कोळणींचे चेहरे दिसत नाहीत. दिसतो तो पाठीचा बाक. टोपली जड आहे की आज दर्यानं हात आखडता घेतलाय, ते त्या बाकावरूनच कळतं.

असाच बाक जपानी चित्रांतही दिसतो. चित्रकार होकुसाईचं १८३१च्या सुमाराचं लाटेचं चित्र जगभर पोचलं आहे. सगळे लाट पाहतात. माझी नजर तिच्याखालच्या तीन होड्यांवर जाते. त्या मासळी वाहणाऱ्या होड्या. वल्ह्यांवर ओणवलेली माणसं त्यांना बिलगून आहेत. हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराच्या ‘शोनो’ या १८३३-३४च्या चित्रात अचानक सर कोसळते आणि चढावर पालखीचे भोई वाकून धावतात. चेहरे जवळजवळ झाकलेले, तरी पाऊस कुठल्या बाजूनं झोडपतोय ते त्यांच्या पाठी सांगतात.

ही चित्रं लाकडी ठशांवरून छापत. चित्रकाराचं रेखाटन फळीवर उलटं चिकटवून कोरत. कोरता कोरता मूळ कागद संपून जाई. मग रंगागणिक वेगळा ठसा. एक चित्र असं नाहीसं होई, तेव्हा ते शेकडो साध्या घरांत पोचे.

अर्नाळ्याच्याच जिल्ह्यात वारली सुवासिनी लग्नाचा चौक लिहितात, गेरूवर तांदळाच्या पिठानं. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस उभा. नाक-डोळे नाहीत, पण भातलावणी करणारा आणि तारप्याच्या सुरावर नाचणारा यांत कधी गल्लत होत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी हीच माणसं कागदावर आणली. त्यांची चित्रं जपानच्या मिथिला म्युझियममध्येही आहेत.

चेहरा वगळला तर माणूस हरवतो, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. चेहरा एकाचा असतो. कामाचा बाक ते काम करणाऱ्या सगळ्यांचा. तो अचूक रेखायला कष्टांकडे खूप वेळ, मन लावून पाहावं लागतं. असं पाहणं हाच श्रमांचा मान.

आमच्या घरी आईचे पुष्कळ फोटो आहेत. सगळ्यांत ती नवं लुगडं नेसून समोर पाहत उभी आहे. वाडीत केळीच्या बुंध्याशी वाकलेली आई एकातही नाही. आयुष्यातला बहुतेक वेळ ती तशीच होती.