आजार, देव आणि तिसरी रजा

बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावात बाजाराच्या दिवशी, दुपारच्या वेळी, कुठल्याही खासगी दवाखान्यात डोकावून बघा. लोखंडी खाटांवर बाया आडव्या झालेल्या असतात. हाताला चिकटपट्टी, वर खिळ्याला टांगलेली सलाईनची बाटली. तक्रार बहुतेकींची एकच. 'अंग गळून जायलंय, डोस्कं उठलंय, झोप येईना, काहीच सुधरेना.' ताप नसतो, बीपी ठीक असतं. रक्त थोडं कमी भरतं, पण ते महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं कमीच आहे. डॉक्टरनं गरज नाही म्हणून सांगितलं तरी बाई हटत नाही. 'एक बाटली लावाच, बरं वाटतंय.'

बाटलीत असतं मीठ-साखरेचं पाणी. त्याचे चार-पाचशे रुपये मोजायचे, यावर शिकली-सवरलेली माणसं हसतात. मला हसू येत नाही, कारण बरं वाटतं हे खोटं नसतं. दीड-दोन तास ती भरदुपारी पाठ टेकून पडलेली असते. कुणी उठवत नाही, कुणी भाकर मागत नाही, कुणी कडेवर पोरगं आणून देत नाही. सोबत आलेली सासूसुद्धा उशाशी बसून पाय दाबते. हीच बाई घरी दुपारी अर्धा तास आडवी झाली असती तर शेजारणीनं विचारलं असतं, 'काय गं, बरं नाही का?' बरं असताना पडायचं नसतं, हे तिला माहेरातच शिकवलेलं असतं.

आपल्याकडं बाईला कामातून मोकळं व्हायच्या दोनच रजा मंजूर आहेत. एक आजाराची, दुसरी देवाची. गावात हरिनाम सप्ताह बसला की त्याच घरातल्या बाया संध्याकाळी लवकर चूल आवरून कीर्तनाला जाऊन बसतात आणि कुणी आडकाठी करत नाही. एकादशीचं भजन, वारी, माळेगावची जत्रा, यांचंही तसंच. पूर्वी पहाटे जात्यावर बसून बाया ओव्यांमधून सासरचं, माहेरचं, न बोलता येणारं सगळं बोलून टाकत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यातलं बोलणं ऐकलं की मन मोकळं करायची सोय त्या बायांनी कामाच्या पोटातच कशी करून घेतली होती ते कळतं. जातं गेलं, फार बरं झालं. ते दळण म्हणजे कंबरडं मोडणारं काम होतं. पण गिरणीनं वाचवलेला तो वेळ कुणाच्या वाट्याला गेला, हे कुणी विचारलं नाही.

हिशेब हवाच असेल तर सरकारनं तो मांडलेला आहे. 2024 च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यातली रोजची सरासरी निघाली 289 मिनिटं, पुरुषाची 88. आणि ही 88 मिनिटं घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच आहेत. चारातल्या जवळपास तिघांनी त्या दिवशी हातच लावलेला नव्हता. कापूस वेचायला, सोयाबीन काढायला गेलेल्या बाईचे रानातले तास यात धरलेले नाहीत, ते वेगळेच.

म्हणून 'स्वतःसाठी वेळ काढा' हा मासिकांतला, मोबाईलवरचा उपदेश मला अर्धवट वाटतो. वेळ काढायचा कुणाच्या वाट्यातून? घरातला एक माणूस तासभर मोकळा होतो तेव्हा तो तास दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतलेला असतो. तो घेणारा कोण, हा खरा नीतीचा प्रश्न आहे. योगासनं, चालणं, डायरी लिहिणं हे सगळं त्यानंतरचं.

रोजच्या अशा लहानशा वेळानं खरंच फरक पडतो का? पडतो, आणि ते आपल्या शेजारी गोव्यात तपासून झालेलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगात' संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या 495 जणांवर एक अभ्यास केला. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी स्थानिक माणसं होती. सहा ते आठ बैठका, आणि त्यात मुख्य काम एकच: मन उतरलं म्हणून जे जे करायचं सोडून दिलंय ते थोडं थोडं पुन्हा सुरू करणं. मैत्रिणीकडं जाणं, फिरून येणं, आवडीचं काहीतरी हातात घेणं. इच्छा होईल तेव्हा करू म्हणून थांबायचं नाही. आधी करायचं, इच्छा मागून येते. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक त्या आजाराच्या खाईतून वर आले होते. नुसती थोडी सुधारलेली नेहमीची देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. 2017 साली 'लॅन्सेट'नं हे छापलं. आपल्यासारख्याच कापूस-सोयाबीनच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, तेव्हा नैराश्यातल्या माणसांपैकी मदत घेणारे शंभरात चारावरून सत्तावीसवर गेले. गावातलाच माणूस दारात येऊन विचारतो तेव्हा लोक बोलतात.

आता पुरुषांचं. ते पारावर बसतात, हॉटेलात चहा पितात, त्यांना रजा लागत नाही. पण त्या पारावर पीकविमा निघतो, निवडणूक निघते, वाळूचे टिप्पर निघतात. 'मला रात्री झोप येत नाही' हे निघत नाही. वेळ आहे आणि बोलायची मुभा नाही, असा हा उलटा प्रकार. मग जीव हलका करायला काही जण शिंदीकडं वळतात. 2025 च्या ऑगस्टात शेजारच्या मुखेड तालुक्यात पुराचं पाणी रातोरात घरांत शिरलं, त्यानंतर पंचनामे झाले, मदतीच्या याद्या झाल्या. माणसं आतून किती खचली याचा रकाना त्या फॉर्मात नसतो. हेही स्पष्टच सांगतो: ज्याचं पीक वाहून गेलंय आणि बँकेची नोटीस आलीय त्याला प्राणायाम करा म्हणणं ही थट्टा आहे. त्याला आधी पैसा आणि दिलासा लागतो. पण कर्ज फिटेपर्यंत त्यानं तगायला हवं, आणि तगायला झोप लागते, वेळेवर जेवण लागतं, ज्याच्यापाशी रडता येईल असा एक माणूस लागतो.

तेव्हा वाचकांतल्या पुरुषांना आणि सासवांना माझं मागणं साधं आहे. दिवसातला एक तास घरातल्या बाईच्या नावावर करा. तिनं त्या तासात काय करावं हे तुम्ही ठरवू नका, आणि ती नुसती पडून राहिली तर 'बरं नाही का' असं विचारू नका. तेवढा वेळ चहा, पोरं आणि गोठा तुम्ही बघा. तिसरी रजा मंजूर करण्याचा अधिकार तुमच्याकडं आहे.

आणि दोन आठवड्यांच्या वर झोप, भूक, बोलणं सगळंच उडालं असेल, मरणाचे विचार येत असतील तर एका तासाच्या मोकळीकीनं भागणार नाही. तिथं इलाज लागतो. सरकारी दवाखान्यात दाखवा. नांदेडच्या सरकारी मेडिकलला मानसोपचार विभाग आहे. नरसी, नायगाव करत तिथवर जायला दिवस मोडणार असेल तर आधी टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीला फोन लावा. शेतकरी कुटुंबांसाठी 2015 साली मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात आशाताईंनाही मानसिक आरोग्याच्या कामात घेतलं होतं. आपल्या गावच्या आशाताईला विचारायला लाजू नका. टेलिमानसचा क्रमांक 14416 आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.