मालकीण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची एक जुनी पेढी होती. शिमग्याच्या सुमारास आवक वाढली की दारात गाड्यांची रांग लागायची. मालक आण्णा सौद्यांत अडकलेले असत आणि आतला कारभार दिवाणजी बघत. रोजमेळ, खतावणी, शेतकऱ्याची पट्टी, सगळं त्यांच्या नजरेखालून जाई आणि त्यात पैचाही फरक पडत नसे. खोट एकच. त्यांच्या हाताखाली नवं माणूस टिकत नसे.

त्या हंगामात वाईचं एक पोरगं कामाला लागलं. बी.कॉम. झालेलं, कॉम्प्युटरवर हात बसलेला. दिवाणजींनी त्याला दाराजवळचं स्टूल दिलं, जिथं पिवळी धूळ थेट डोळ्यांत जाते. कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. पोरानं पहिली पट्टी लिहिली, तेव्हा शेतकरी समोर बसलेला असताना त्यांनी तिच्यावर लाल रेघ ओढली. "गठ्ठा आणि हळकुंड एकाच रकान्यात? वाईला असंच शिकवतात व्हय?" पोरगं मान खाली घालून दुसरी पट्टी लिहायला बसलं.

दिवाणजींच्या बैठकीशेजारी खाऱ्या पाण्याची एक मोठी काचेची टाकी होती. आण्णांच्या मुलानं हौसेनं मांडलेली. तो पुण्याला शिकायला गेला आणि टाकी दिवाणजींच्या गळ्यात पडली. पण त्यांनी तिथंही कसूर केली नाही. आर.ओ.चं पाणी, लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास मीठ, उन्हाळ्यात चिलर लावून 26 अंशांवर ठेवलेलं. खऱ्या प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आतले खडक कृत्रिम होते. मधल्या खडकावर एक समुद्रफूल चिकटलेलं आणि त्यात क्लाऊनफिशची जोडी. नर बोटाएवढा. मादी त्याच्या दुप्पट, गर्द तांबडी, अंगावर तीन पांढरे पट्टे. काच पुसायला कुणी हात घातला की ती येऊन चावायची. हमाल तिला मालकीण म्हणत.

मुलगा सुट्टीला आला तेव्हा त्यानं तीन हिरवट क्रोमिस मासे आणून टाकीत सोडले. मालकिणीनं त्यांना तासभरही स्वस्थ बसू दिलं नाही. शेपटी आपटत आडवी यायची, टकटक आवाज करायची आणि थेट पोटावर धडक द्यायची. दोन दिवसांत एकाची शेपटी चिरफाळली. तिघंही वरच्या कोपऱ्यात पंपामागे दडून बसले, खाणंही घेईनात.

"हिला विकून टाकू या का?" आण्णांनी विचारलं.

"तिचा दोष नाही, आण्णा," दिवाणजी म्हणाले. "समुद्रात त्या फुलापासून लांब गेली की मोठा मासा तिला गिळणार. तिचं सगळं त्या एका जागेवर. इथं ती आधी आली, म्हणून अख्खी टाकीच तिला आपली वाटते. नवा दिसला की जागा गेली असं वाटतं तिला."

"मग उपाय?"

"आठ दिवस जोडी वेगळ्या टाकीत ठेवायची. इथले सगळे खडक हलवायचे, लपायला दोन कपारी जास्त करायच्या. नव्यांना आधी रुळू द्यायचं. मग हिला सोडायचं, तेही रात्री, दिवे मालवून. सकाळी ती उठते ती पाहुणी म्हणून."

तसंच केलं. मालकीण परत आली तेव्हा समुद्रफूल डाव्या कोपऱ्यात होतं आणि बाकीचं काहीच ओळखीचं नव्हतं. दोन दिवस ती इकडंतिकडं धावली. पण कुठली कपार राखायची हेच तिला ठरवता येईना. शेवटी तिनं आपला कोपरा धरला. क्रोमिस उरलेल्या टाकीत फिरायला लागले.

आण्णा हे सगळं बघत होते. पुढच्या सोमवारी ते म्हणाले, "दिवाणजी, साताऱ्याला पोवई नाक्यावर हळद-मसाल्याचं दुकान काढलंय. महिनाभर तिथं बसा."

साताऱ्यात गल्ल्यावर एक पंचविशीची मुलगी होती. "काका, तुम्ही इकडं बसा. मशीनचं मी बघते," तिनं सांगितलं. बिल कसं निघतं हे दिवाणजींना तिला विचारावं लागलं. कपाटाची किल्लीही तिच्याकडूनच मागून घ्यावी लागली. तिनं कधी रागानं दिली नाही, पण मागताना त्यांचा आवाज दर वेळी खाली येई.

महिन्यानं ते सांगलीला परतले आणि पेढीच्या उंबऱ्यातच थबकले. कपाट समोरच्या भिंतीला गेलेलं. किल्ली सगळ्यांना दिसेल अशी खिळ्याला. शेतकरी आत येताच पहिलं टेबल लागे ते वाईच्या पोराचं. दिवाणजींची गादी खिडकीशी, रोजमेळासकट.

बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, "आण्णा, खडक हलवलेत."

"जड होते," आण्णा म्हणाले. "चार हमाल लागले."

दिवाणजी काही मवाळ झाले नाहीत. लाल पेन खिशात होतंच, तोंडही तसंच तिखट. मालकीणही हात घातला की चावतच होती. पण आता पट्टीचं पुस्तक पोराच्या टेबलावर असायचं. रेघ ओढायची तर उठून तिथवर जावं लागे, आणि त्या चार पावलांत निम्मा राग उतरायचा. पोरगं टिकलं. गठ्ठा आणि हळकुंडाचे रकानेही वेगळे झाले.

पुढच्या हंगामाआधी आणखी एक मुलगा यायचा होता. तो रुजू होण्याच्या आदल्या दिवशी दिवाणजींनी आपणहून आठ दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं, औदुंबरला दत्तदर्शन. आण्णांनी हसून सही केली.

स्वभावाला औषध नाही, हे खरंच. जागेला मात्र आहे. जुन्या माणसाला शहाणपण शिकवत बसण्यापेक्षा, नवा येईल तेव्हा कोण कुठं बसेल हे आधी ठरवावं. आणि आपणच जुने असू, तर आठ दिवस बाजूला होण्याची लाज बाळगू नये.