किनाऱ्यावरची पहिली शाळा

पाचूबंदरच्या किनाऱ्यावर, वाळत घातलेल्या बोंबलांखाली खेळणारे एखादे मूल विचारते, ‘भरती रोज उशिरा का येते?’ आपण वडीलधारे म्हणतो, ‘आधी अभ्यास कर!’ वस्तुतः त्याचा अभ्यास तेथेच सुरू झालेला असतो. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तशीच मागे सरते. हे गुपित सागराने त्याच्यापुढे शाळेआधीच मांडलेले असते.

बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. अशा मुलाला उत्तराबरोबरच त्याहून अवघड प्रश्न देणारा गुरू हवा असतो. तो न लाभल्यास मूल वर्गात कंटाळते आणि खोडकर ठरते. आम्ही धर्मगुरूही धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याला गप्प बसवितो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील चाकराने धन्याची ठेव जमिनीत पुरली. मुलाची बुद्धी पुरली गेली, तर दोष मात्र मुलाचा नव्हे, आपला. ती केवळ त्याच्या पगारासाठी वाढविली, तर तेही पुरणेच होय. कारण देणगी एकाला मिळते, ती सर्वांसाठी.

प्रभूने पहिले शिष्य जाळी टाकणाऱ्यांतून निवडले. आपण निदान किनाऱ्यावरच्या त्या प्रश्नापाशी क्षणभर थांबू या.