बचाव माणसाचा आणि बचाव द्रव्याचा

वाल्या कोळ्याची कथा आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली आहे. ज्यांच्यासाठी ही पापे करतोस ते त्यांचे वाटेकरी होतील काय, असे नारदाने विचारले. वाल्या घरी गेला आणि बायकापोरांनी साफ नकार दिला. कथेचा सारा रोख वाल्याच्या उपरतीवर असल्यामुळे एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. बायकोने पाप नाकारले खरे. पण लुटीचे दागिने परत केले, असे मात्र कोणी सांगत नाही. पापाचा वाटा नको आणि द्रव्याचा चालेल, ही भूमिका न्याय्य आहे काय?

हा प्रश्न मनात येण्यास कारण घडले ते असे. आमचा एक जुना विद्यार्थी यवतमाळास वकिली करतो. दिवाळीत तो भेटीस आला, तेव्हा काहीसा अस्वस्थ दिसला. त्याच्या एका अशिलावर लोकांच्या ठेवींचा अपहार केल्याचा आरोप होता. अशिलाचे म्हणणे असे की, पत्नीशी परस्परसंमतीने घटस्फोट घ्यावा, बंगला, शेत व दागिने कायमच्या पोटगीच्या रूपाने तिच्या नावे करावेत, आणि संसार पूर्वीप्रमाणेच त्याच छपराखाली चालावा. "सर, आरोपीचा बचाव करणे हा माझा धर्मच ना? मग नाही कसे म्हणू?" असे त्याने विचारले.

या अशिलाचा संबंध नसला तरी येथे एका गोष्टीचे स्मरण अपरिहार्य आहे. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारास पाच हजारांपलीकडे रक्कम काढता येईना. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. अशा वेळी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचा आधार असतो; ज्याने निवृत्तीची सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवली, त्याने उरलेल्या रकमेसाठी वाट पाहावयाची. बँक कशी बुडाली हा येथे विषय नव्हे. परंतु ज्या गावाने हे पाहिले, त्या गावात ठेवीदार म्हणजे काय हे कोणास समजावून सांगावे लागत नाही.

आता आरोपीच्या बचावाविषयी. तो पवित्र आहे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. लोकनायक बापूजी अण्यांनी जेथे वकिली केली त्या गावी तरी हे सांगण्याची गरज पडू नये. संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदाने आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून मुक्त केले आहे. राजसत्तेच्या अफाट सामर्थ्यापुढे एकट्या माणसाच्या हाती मौन हीच एक ढाल असते.

पण हाच माणूस कुटुंब न्यायालयात गेला म्हणजे? नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी असे ठरविले की, पोटगीच्या वादात उभय पक्षांनी आपली मालमत्ता व देणी शपथेवर उघड केली पाहिजेत. म्हणजे एका दालनात मौनाचा हक्क आणि दुसऱ्यात बोलण्याचे बंधन! वकिलांना ही मोठी अडचण वाटते, कारण येथील प्रतिज्ञापत्र तेथे वाचले जाण्याची भीती असते. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. सत्तेपुढे जे मौन ढाल ठरते, तेच ज्या व्यक्तीबरोबर संसार केला तिच्यापुढे फसवणूक ठरते. तसेच, मौनाचा हक्क माणसाला आहे. त्याच्या बंगल्याला नाही. धनकोंना बुडविण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर रद्द करवून घेता येते, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५३ सांगते. आणि ठेवीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला कायदा सद्‌भावनेवाचून मालमत्ता घेणाऱ्यापर्यंतही पोहोचतो. वाल्याच्या कथेने जे विचारले नाही, ते कायद्याने विचारले आहे.

मात्र त्या पत्नीवर अन्याय होता कामा नये. तिचे स्त्रीधन तिचेच; पतीने ते दडपल्यास तो फौजदारी विश्वासघात होऊ शकतो, हे १९८५ मध्येच निर्णीत झाले आहे. परंतु यापुढची गोष्ट विलक्षण आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या नागरी कायद्यान्वये, वेगळा करार नसेल तर, दांपत्याच्या मिळकतीत दोघांचा अर्धा अर्धा वाटा असतो. आपल्याकडे तसे नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५ खाली न्यायालय ठरवील ते तिचे. वीस वर्षे घर सांभाळलेल्या स्त्रीला चांगल्या दिवसांतील मिळकतीत हक्काचा हिस्सा नाही. दिवस फिरले की मात्र सारे काही तिच्याच नावे! आणि घटस्फोट कागदापुरता, असे नवरा कितीही म्हणो, न्यायालयाचा हुकूमनामा खराच असतो. उद्या तो वारला तर विधवा म्हणून तिला वारसा नाही. बंगला जप्त झाला तर आसरा नाही. ज्या कागदाने तिला मालकीण केले, त्याच कागदाने तिचे पत्नीपण नेले.

आम्ही विद्यार्थ्यास सांगितले की, या माणसासाठी शेवटच्या न्यायालयापर्यंत भांड. पण तो अर्ज लिहू नकोस.

"मग तो दुसऱ्या वकिलाकडे जाईल, सर."

"जाईल," आम्ही म्हणालो. "पण त्या बाईंचे काय म्हणणे आहे?"

तो गप्प राहिला. बाईंना त्याने कधी पाहिलेच नव्हते. अशिलाने आणलेल्या मसुद्यावर त्यांच्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केलेली होती, एवढेच त्यास ठाऊक होते.