उघड पक्षपाताचे मोल

1983 मध्ये ग्रीन पक्ष पश्चिम जर्मनीच्या संसदेत पहिल्यांदा पोचला आणि आल्या आल्या त्याने जी भांडणे उकरून काढली, त्यांतले एक पैशाचे होते. 1966 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने राजकीय प्रबोधनाच्या नावाखाली पक्षांना सरसकट सरकारी अनुदान द्यायला मनाई केली होती. दुसऱ्याच वर्षापासून तशाच कामासाठीचा पैसा दुसऱ्या दाराने येऊ लागला. तो आता पक्षांच्या जवळच्या प्रतिष्ठानांना मिळे. सोशल डेमोक्रॅटांचे फ्रीडरिश एबर्ट, ख्रिश्चन डेमोक्रॅटांचे कोनराड आडेनाउअर, उदारमतवाद्यांचे फ्रीडरिश नाउमान, बव्हेरियातल्या ख्रिश्चन सोशल युनियनचे हान्स झायडेल अशी ही मंडळी. ही मागल्या दाराने होणारी पक्षांचीच पोसवण आहे, असे म्हणून ग्रीन पक्ष न्यायालयात गेला आणि जुलै 1986 मध्ये हरला. प्रतिष्ठाने पक्षापासून खरोखर वेगळी असतील आणि देशातल्या सर्व टिकाऊ, लक्षणीय विचारप्रवाहांना वाटा मिळत असेल, तर यात घटनाबाह्य काही नाही, असे न्यायालयाने ठरवले. मग ग्रीन पक्षाने काय केले? आपलाही प्रवाह टिकाऊ आणि लक्षणीय आहे म्हणून आपला वाटा घेतला. कोलोनमधले कादंबरीकार हाइन्रिश ब्योल यांच्या नावाचे प्रतिष्ठान, हॅम्बुर्गमधले स्त्रियांचे आणि ग्योटिंगेनमधले तिसरे, अशा तीन संस्था आधी एका छत्राखाली आल्या. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचे एकत्रीकरण होऊन आजचे हाइन्रिश ब्योल प्रतिष्ठान बर्लिनमध्ये उभे राहिले. आज त्याची कार्यालये अनेक खंडांत आहेत. 2002 मध्ये त्याने नवी दिल्लीतही कार्यालय उघडले.

या कथेवर हसणे सोपे आहे. तत्त्व हरले, वाटा मिळाला, विषय संपला. पण ग्रीन पक्षाचा मूळ आक्षेप त्या निकालाने मिटला नाही. तो नव्या संस्थेच्या पोटात जाऊन बसला आणि माझ्या मते तिथेच त्याचा खरा उपयोग झाला. सरकारी पैशावर चालणारी, एका पक्षाशी उघड नाते सांगणारी संस्था दुसऱ्या देशात जाऊन लोकशाही, पर्यावरण आणि सीमेपलीकडचे सहकार्य यांबद्दल बोलते, तेव्हा तिला तो अधिकार कुणी दिला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे नेहमीचे उत्तर असे की ही मूल्ये सार्वत्रिक आहेत. मला ते पुरेसे वाटत नाही. मूल्ये सार्वत्रिक असली तरी पैसा एका देशाचा असतो आणि तो वाटणारी माणसेही एका देशाला बांधलेली असतात. म्हणून अधिकार तपासायचा तर कसोटी दुसरीकडे शोधावी लागेल. बाहेरच्या लोकांबरोबर काम करताना जे कळते ते ही संस्था आपल्या देशात, आपल्या पक्षापुढे आणि आपल्याच पैशाच्या मालकापुढे मांडते का? मांडत असेल, तर तिचा पक्षपात परवडतो. मांडत नसेल, तर तिचे काम परराष्ट्र खात्याच्या कामाहून वेगळे राहत नाही.

हस्तक्षेपाचा आरोप उगाच होत नाही. पोर्तुगालचा समाजवादी पक्ष एप्रिल 1973 मध्ये जर्मन भूमीवर, बाड म्युन्स्टरआयफेल इथे स्थापन झाला. त्या वेळी लिस्बनमध्ये हुकूमशाही होती आणि मारिओ सुआरेश व त्यांचे सहकारी परागंदा होते. एबर्ट प्रतिष्ठानाने त्यांना जागा दिली, मदत दिली. वर्षभराने हुकूमशाही कोसळली तेव्हा हा पक्ष तयार होता. लोकशाही रुजवण्याचे आदर्श उदाहरण म्हणून ही घटना सांगतात, आणि तिचा परिणाम चांगला झाला हे खरेच. पण दुसऱ्या देशात पक्ष उभारायला मदत करणे म्हणजे हस्तक्षेपच, तो मान्य करायला लाजू नये. उलट टोकाचे उदाहरण 2009 मधले होंडुरासचे. तिथे लष्कराने निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांना देशाबाहेर काढले आणि नाउमान प्रतिष्ठानाने या सत्तापालटाची पाठराखण केली, अशी टीका खुद्द जर्मनीत झाली. ही दोन्ही कामे लोकशाहीच्याच नावाखाली झाली. तेव्हा नावावरून निवाडा करता येत नाही.

आपल्याकडच्या घटनांची एक जोडी इथे आठवावी. आणीबाणीत, जून 1976 मध्ये, कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले, तेव्हा विली ब्रांट, ओलोफ पाल्मे आणि ब्रुनो क्राइस्की या युरोपीय समाजवादी नेत्यांनी त्यांच्या जिवाबद्दल इंदिरा गांधींकडे काळजी व्यक्त केली. मुंबईच्या कामगार चळवळीतल्या कुणालाही ती ढवळाढवळ वाटली नसणार. परदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा कायदाही त्याच वर्षी, त्याच आणीबाणीत झाला. परकीय हाताची भीती आणि परकीय आधाराची गरज एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्यांतली कुठली पुढे करायची ते बहुधा सत्तेवर कोण आहे यावर ठरते. 2010 मध्ये हा कायदा नव्याने आला आणि 2020 च्या दुरुस्तीने तो आणखी आवळला गेला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली आणि मोठ्या संस्थेने परदेशी निधी घेऊन तो गावपातळीवरच्या छोट्या संस्थांकडे वळवण्यास बंदी झाली. दुरुस्तीच्या समर्थकांचे म्हणणे असे, की पैशाचा माग लागला पाहिजे. म्हणणे बरोबर आहे. पण माग लागावा एवढाच हेतू असता, तर हिशेब उघड करण्याची सक्ती पुरली असती.

ब्योल प्रतिष्ठानाचे वेगळेपण पर्यावरणाच्या विषयात उठून दिसते, कारण तिथे लोकशाहीचा धडा शिकवून हात झटकता येत नाहीत. निवडणूक आयोग कसा असावा हे दुसऱ्याला सांगताना आपला आयोग ठीक चालला आहे असे मानून पुढे जाता येते. ब्राझील-अर्जेंटिनातल्या सोयाबीनबद्दल बोलायला लागलो, की ते सोयाबीन युरोपातल्या डुकरा-कोंबड्यांच्या गोठ्यांत जाते, हे चार वाक्यांत निघतेच. या प्रतिष्ठानाने 2013 पासून जर्मनीतल्या पर्यावरण संघटनांच्या साथीने काढलेला मांसाचा ॲटलास नेमके हे करतो. जमीन कुणाची गेली, चारा कुठून आला, प्रतिजैविके किती वापरली गेली आणि स्वस्त मांस कुणाच्या ताटात पडले, हे तो एका साखळीत मांडतो. पुढे माती, समुद्र, प्लास्टिक, कीटक यांवरही असे ॲटलास निघाले. त्यांतली आकडेवारी शास्त्रज्ञांना नवी नसेल, पण तिचे पहिले वाचक जर्मन होते आणि टीकेचे लक्ष्य जर्मन मांस उद्योग होता. लंडन-बर्लिनच्या अनेक दात्या संस्था गरीब देशांतल्या जंगलतोडीवर अहवाल काढतात. आपल्या जेवणावर काढणाऱ्या कमी.

याच संस्थेत आणखी एक गोष्ट घडली आणि मला ती कुठल्याही अहवालाहून मोलाची वाटते. राल्फ फ्यूक्स आणि बार्बारा उनम्युसिग हे दोघे अनेक वर्षे प्रतिष्ठानाचे सह-अध्यक्ष होते. फ्यूक्स यांनी 2013 मध्ये पुस्तक लिहून मांडले, की तंत्रज्ञान आणि बाजार यांच्या बळावर हरित वाढ शक्य आहे, वाढीला शत्रू मानू नये. दोनच वर्षांनी उनम्युसिग यांनी दोन सहलेखकांसह लिहिलेल्या पुस्तकात हरित अर्थव्यवस्थेच्या कल्पनेवर कडाडून टीका केली. निसर्गाला किमतीचे लेबल लावून सत्तेचे प्रश्न टाळता येत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. दोघे एकाच इमारतीत, एकाच पदावर. आपल्याकडे एखाद्या पक्षाच्या अभ्यास संस्थेच्या दोन प्रमुखांनी पक्षाच्या गाभ्याच्या प्रश्नावर अशी विरुद्ध पुस्तके लिहिली असती, तर त्यांतल्या एकाला तब्येतीचे कारण देऊन घरी बसावे लागले असते. दुसऱ्या देशातल्या भागीदारांना या मतभेदाचा फायदा असा, की ‘जर्मन भूमिका’ नावाची एकसंध वस्तू नाही हे त्यांना दिसते आणि त्यांना वाद घालायला जागा मिळते.

यावर असा प्रतिवाद होऊ शकतो, की राजकारण टाळून निव्वळ तांत्रिक मदत केली तर हे सगळे प्रश्नच उद्भवत नाहीत. महाराष्ट्रात जर्मन मदतीचा सर्वांत परिचित अनुभव तसाच आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस आखलेला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम, फादर हेरमान बाखर यांचा त्यातला पुढाकार, नगर जिल्ह्यातल्या टेकड्यांवरचे समतल चर, ओढ्यांवरचे बांध. त्यावर कुणी परकीय हस्तक्षेपाची ओरड केली नाही. पण त्या कार्यक्रमाच्या अटी पाहा : श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. डोंगरावर चराई बंद झाली की पहिला फटका बसतो तो शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाला, सरपणासाठी फिरणाऱ्या बाईला. आणि पाणी वाढते ते ज्याची विहीर खालच्या अंगाला आहे त्याचे. कार्यक्रम राबवणाऱ्यांना हे ठाऊक होते आणि म्हणूनच त्यांनी ग्रामसभेची संमती, स्त्रियांचे गट यांवर भर दिला. म्हणजे माती अडवायची तरी गावाच्या सत्तेला हात लावावा लागला. तांत्रिक मदतही राजकीय असते, फक्त तिचे राजकारण कागदावर लिहिलेले नसते. लिहिलेले असेल तर निदान त्याच्याशी भांडता येते.

ज्या सरकारांना हे भांडण नको असते, ती प्रतिष्ठानांना बाहेर काढतात किंवा त्यांचे काम अडवतात. इथिओपियात 2009 च्या कायद्याने दहा टक्क्यांहून अधिक निधी परदेशातून मिळणाऱ्या संस्थांना मानवी हक्क, स्त्री-पुरुष समता, लोकशाही या विषयांवर काम करण्यास मनाई केली. 2012 मध्ये ब्योल प्रतिष्ठानाने अदिस अबाबातले कार्यालय बंद केले. शेतीचे, हवामानाचे काम करत राहण्याचा मार्ग कदाचित निघाला असता, पण हक्क वगळून पर्यावरण ही विभागणी त्यांनी नाकारली. रशियाने एप्रिल 2022 मध्ये, युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर सहा आठवड्यांत, ब्योलसह अनेक जर्मन प्रतिष्ठानांची नोंदणी रद्द केली. त्याआधी सुमारे सव्वातीन महिने मेमोरियल ही संस्था न्यायालयाच्या आदेशाने विसर्जित झाली होती. स्टालिनकाळातल्या बळींची नावे जमा करणारी ही संघटना प्रतिष्ठानाची जुनी भागीदार होती. फेब्रुवारी 1974 मध्ये सोव्हिएत संघाने लेखक सोल्झेनित्सिन यांना हाकलले तेव्हा ते पहिल्यांदा उतरले ते ब्योल यांच्या घरी, हा इतिहास आठवला तर या नात्याची मुळे कुठवर जातात ते कळते. मॉस्कोतल्या कार्यालयाने रशियात लोकशाही आणली नाही. ती तसल्या कार्यालयांनी येत नसते. पण कागदपत्रे, संपर्क आणि बाहेर पडलेल्या माणसांची पुढची सोय एवढे तरी अशा नात्यांतून उरते.

आता कसोटी त्यांच्यावरच लावू. डिसेंबर 2023 मध्ये ब्रेमेन इथे रशियन-अमेरिकी लेखक माशा गेसन यांना हाना आरेन्ट पुरस्कार दिला जाणार होता. ब्योल प्रतिष्ठान त्यात सहभागी होते. गेसन यांनी एका लेखात गाझाची तुलना नाझींच्या ताब्यातल्या पूर्व युरोपातील ज्यू घेट्टोंशी केली आणि प्रतिष्ठानाने समारंभातून अंग काढून घेतले. पुरस्कार शेवटी छोट्या जागेत दिला गेला. नंतर प्रतिष्ठानाने गेसन यांच्याशी जाहीर चर्चा ठेवली, हे नोंदवले पाहिजे. तुलना पटावी असे नाही. पण वादग्रस्त मते बेधडक मांडणाऱ्या विचारवंत आरेन्ट यांच्या नावाच्या पुरस्काराला न पटणाऱ्या तुलनेचे भय वाटावे, हे विचित्र होते. मॉस्कोतल्या किंवा इस्तंबूलमधल्या भागीदाराला जी निर्भयता दाखवायला सांगितली जाते, ती बर्लिनमध्ये त्या आठवड्यात दिसली नाही. त्याच सुमाराला ग्रीन पक्ष सत्तेत होता. त्याचे अर्थमंत्री रोबेर्ट हाबेक 2022 मध्ये वायूसाठी कतारला गेले होते आणि जानेवारी 2023 मध्ये कोळशाच्या खाणीसाठी ल्युट्झेराट हे गाव पोलिसांनी रिकामे केले होते. युद्धाच्या काळात सरकारला तडजोडी कराव्या लागतात, हे मान्य. प्रतिष्ठानाला मात्र त्या तडजोडींचे समर्थन करावे लागत नाही. ते पक्षापासून वेगळे असले पाहिजे, असे घटना न्यायालयाने 1986 मध्येच सांगून ठेवले आहे.

आणि हा वेगळेपणा आता दुसऱ्या बाजूने तपासला जातो आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये अतिउजव्या एएफडी पक्षाच्या जवळच्या प्रतिष्ठानाला कायद्याच्या आधाराशिवाय अनुदानातून वगळणे घटनाबाह्य ठरले. मग संसदेने घाईने कायदा केला. संबंधित पक्ष सलग तिसऱ्यांदा पुरेशा संख्येने निवडून आलेला असावा आणि प्रतिष्ठानाने लोकशाही घटनाव्यवस्थेच्या बाजूने काम करावे, अशा त्याच्या अटी आहेत. पहिल्या अटीत एक गंमत आहे. ती 1980 च्या दशकात लागू असती, तर ग्रीन पक्ष 1983 आणि 1987 मध्ये निवडून येऊन 1990 मध्ये पश्चिम भागात संसदेत जाण्यासाठी लागणाऱ्या पाच टक्क्यांखाली घसरल्यामुळे त्याचे प्रतिष्ठान कितीतरी वर्षे अनुदानाबाहेर राहिले असते. एएफडी मात्र 2017, 2021 आणि 2025 अशी तीनदा निवडून आली आहे. शेवटच्या वेळी मतांचा वाटा वीस टक्क्यांहून अधिक होता. म्हणजे पहिली अट आता आडवी येत नाही. सगळा भार दुसऱ्या अटीवर आहे, आणि ‘व्यवस्थेच्या विरोधात’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर पुराव्यानिशी आणि न्यायालयात टिकेल असे द्यावे लागेल. अदिस अबाबा आणि मॉस्को इथल्या सरकारांनीही कायद्याचाच आधार घेऊन प्रतिष्ठानांच्या कामाला अटकाव केला होता. जर्मनीने ही अट कशी वापरली, पुरावा कुठला मागितला आणि ज्याला वगळले त्याला उत्तर द्यायला किती वाव दिला, हे तिथले करदाते पाहतीलच. ब्योल प्रतिष्ठानाबरोबर काम करणाऱ्या परदेशांतल्या संस्थाही ते तितक्याच बारकाईने वाचणार आहेत.