असूया आणि अनसूया



आपल्या दैवताच्या आईला सुशीला, सुव्रता अशी कितीतरी नावं देता आली असती. पुराणकारांनी दिलं ते अनसूया. म्हणजे जिच्या ठायी असूया नाही ती. दर मार्गशीर्ष पौर्णिमेला पाळण्याची दोरी ओढताना हे नाव आपल्या तोंडी येतं, पण एका दोषाचा अभाव हीच कुणाची ओळख व्हावी, इतका हा दोष मोठा का मानला असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

असूया म्हणजे नुसता हेवा नव्हे. शेजारच्यांनी गाडी घेतली, आपल्याकडे नाही, म्हणून जीव थोडा खालीवर झाला, तो हेवा. तो चार दिवसांत विरतो, आणि कधीकधी माणसाला कामालाही लावतो. मत्सर त्याच्यापुढचा, त्यात दुसऱ्याचं वाईट व्हावं ही इच्छा येते. असूयेची जात मात्र निराळीच आहे. जुन्या कोशकारांनी तिची ओळख नेमकी करून ठेवली आहे : दुसऱ्याच्या गुणावरच दोष चिकटवणं. ‘सात दिवस पारायणाला बसले म्हणे, पण रिटायर झाल्यावर वेळ काय कमी असतो?’ ‘सासूचं सगळं करते हो, पण फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते बघा!’ पहिल्या अर्ध्या वाक्यात गुण कबूल केलेला असतो आणि तो ‘पण’ आला की त्याच गुणाला काळं फासलं जातं. चोर निदान वस्तू तरी घेऊन जातो. असूयेला काहीच न्यायचं नसतं, समोरच्याचं चांगलेपण चांगलं राहू द्यायचं नसतं, एवढंच.

गीतेच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी भगवंत अर्जुनाला सांगतात की, हे अत्यंत गुह्य ज्ञान तुला देतो, कारण तू असूया न बाळगणारा आहेस. अर्जुनाचं शौर्य, त्याची विद्वत्ता, कुळ यांतलं काहीही तिथे पात्रता म्हणून सांगितलेलं नाही. बरोबरच आहे. जो प्रत्येक गुणात खोट शोधतो त्याला साक्षात गुरू भेटले तरी तो त्यांच्या पायांऐवजी पादुका कुणी दान दिल्या ते बघत बसेल.

ही असूया घर कसं जाळते हे बघायचं तर नाटकाकडे वळावं. कथाकीर्तनाइतकीच नाटकाचीही गोडी असलेलं आपलं गाव, म्हणून इथे नाटकाचा विषय काढला तर वाचकांना वावगं वाटणार नाही. गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं मराठी रूप ‘झुंझारराव’ या नावानं १८९० साली दिलं. मूळ कथा बहुतेकांना ठाऊक असेल. ऑथेल्लो हा शूर सेनापती, डेस्डिमोना त्याची निष्कलंक बायको आणि यागो हा हाताखालचा अधिकारी. बढती आपल्याला न मिळता कॅशिओला मिळाली हे यागोचं शल्य. इथपर्यंत तो साधा हेवा आहे, कुठल्याही कचेरीत सापडेल असा. पण यागोची खरी चाल पुढे आहे. कॅशिओची नोकरी जाते, डेस्डिमोनाला त्याची दया येते, आणि ‘त्याला परत घ्या’ म्हणून ती नवऱ्याला भोळेपणानं विनवते. यागो नेमका हा तिचा चांगुलपणाच उचलतो. ‘एवढी रदबदली का करतात बाईसाहेब?’ असा नुसता वास तो नवऱ्याच्या नाकाशी नेतो. तिचा एखादा दोष त्यानं वापरला असता तर ती कदाचित वाचली असती. त्यानं तिचा गुण वापरला, आणि गुणाबद्दल कोण कधी सावध असतं? ती निरपराध असल्यामुळेच पुन्हा पुन्हा विनवत राहते आणि दर विनवणीगणिक फास आवळत जातो. पुढे एक हरवलेला रुमाल पुरावा म्हणून पुरतो. ज्यानं रणांगणं गाजवली तो स्वतःच्या हातानं बायकोचा गळा दाबतो.

ऑथेल्लो मुळात मत्सरी नव्हता. तो कानाचा हलका ठरला. जळणारा माणूस एकटा फारसं काही करू शकत नाही, त्याला ऐकून घेणारा कुणीतरी लागतो. सगळा दोष यागोवर टाकून आपण मोकळे होतो, पण आपल्यापैकी बहुतेकजण आयुष्यात यागो कधीच नसतात. ऑथेल्लो मात्र महिन्यातून दोनदा तरी असतात, बहुतेक वेळा फोनवर.

गंमत अशी की, याच देवलांनी दुसऱ्या बाजूनं ‘संशयकल्लोळ’ही लिहिलं. गंधर्व नाटक मंडळींनी ते १९१६ साली रंगभूमीवर आणलं. त्यात रुमालाच्या जागी एक तसबीर आहे. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर संशय घेतात, त्यात आश्विनशेट आणि रेवतीही ओढले जातात. तोच विकार, पण इथे आपण पोट धरून हसतो. फरक एवढाच की, इथली माणसं भांडतात, ओरडतात, एकमेकांच्या तोंडावर आरोप करतात. म्हणून शेवटी सगळं उघड होतं. तिथे ऑथेल्लो मनात गिळत राहतो आणि बायकोला सरळ विचारतो तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो. भांडखोर घरं टिकतात, असं आमच्या पिढीतल्या बायका म्हणायच्या ते उगीच नाही.

पुण्याला मात्र असूयेची शोकांतिका बघायला परदेशी जायला नको. ती शनिवारवाड्यात घडली. ३० ऑगस्ट १७७३, ऐन गणपतीचे दिवस. गारद्यांनी वाड्यात शिरून नारायणराव पेशव्यांना काकांच्या, रघुनाथरावांच्या, समोर कापलं. वय अवघं अठरा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ नाटकात हीच कथा उभी केली. रघुनाथराव काही नालायक माणूस नव्हता. १७५८ साली मराठी फौजा पंजाबपर्यंत गेल्या त्या त्याच्याच सरदारीखाली. अटकेपार झेंडे नेल्याचं यश त्याच्याच नावावर आहे. असूया नेहमी नाकर्त्यालाच होते असं आपण समजतो, पण खरी जाळते ती कर्तबगाराला. आपण एवढं केलं आणि गादीवर मात्र हे कालचं पोर! ही तक्रार अगदीच खोटी नसते, म्हणूनच ती फार खोल जाते. आज वाडा नाही, जमीन आहे, बंगला आहे, आईच्या पाटल्या आहेत. ज्यानं आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं त्याला वाटणी दिसते तेव्हा त्याच्या मनात काय चालतं, हे न सांगताही वाचकांना कळेल.

आणि मग त्या कागदातला ‘ध’चा ‘मा’. ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईनं केलं, ही दंतकथा शाळकरी पोरालाही पाठ असते. रामशास्त्री प्रभुण्यांनी बोट ठेवलं ते मात्र खुद्द रघुनाथरावांवर. लोकांना दोष बाईच्या पदरात टाकला की बरं वाटतं, असं मला वारंवार जाणवतं.

कारण आपल्या दत्तजन्माच्या कथेतही तेच झालं आहे. कीर्तनात आपण ऐकतो ते असं : नारदानं अनसूयेची थोरवी गायली, ती सावित्री, लक्ष्मी आणि पार्वती यांना सोसवेना, आणि त्यांनी आपापल्या नवऱ्यांना तिचं सत्त्व हरण करायला धाडलं. पण गुरुचरित्राचा चौथा अध्याय काढून बघा. तिथे घाबरलेले आहेत ते इंद्रादी देव. हिच्या तपानं आपली स्थानं जातील या भयानं ते त्रिमूर्तींकडे गाऱ्हाणं घेऊन जातात. म्हणजे पोथीत धास्ती सत्ताधाऱ्यांची आहे, आणि पुढे सांगता सांगता ती देवींचा मत्सर झाली. दोन्ही रूपं मला मोलाची वाटतात, पण पोथीतलं रूप विसरू नये असंही वाटतं.

दोन्हींत परीक्षा तीच. हल्ला होतो तो अनसूयेच्या गुणांवरच. अतिथी विन्मुख जाऊ नये हे तिचं व्रत, आणि पातिव्रत्य हेही तिचंच व्रत. तीन भिक्षेकरी दाराशी येतात आणि नग्न होऊन वाढ म्हणतात. एक व्रत पाळावं तर दुसरं मोडतं. यागोनं डेस्डिमोनाच्या दयेचा फास केला, तसाच हा फास आहे. डेस्डिमोना त्यात सापडली, कारण तिला तो दिसलाच नाही. अनसूयेला तो दिसतो. हे साधे भिक्षेकरी नव्हेत हे ती ओळखते. तरीही ती चिडत नाही, त्यांना खोटं पाडत नाही, ‘तुम्हाला कुणी पाठवलं’ असं विचारीतही नाही. ही माझी लेकरं आहेत असं मनाशी धरून ती वाढायला येते, आणि तीन देव तीन बाळं होऊन रडायला लागतात. मग ती त्यांना पदराखाली घेते आणि पाळण्यात घालून अंगाई म्हणते.

कीर्तनातल्या कथेचा पुढचा भाग आपण पाळण्याच्या गजरात घाईनं उरकतो. नवरे परत येईनात तेव्हा तिन्ही देवी अत्रींच्या आश्रमात येतात, खाली मान घालून उभ्या राहतात आणि आपले पती परत मागतात. ज्यांनी तिचं सर्वस्व हिरावायचा घाट घातला, त्यांचं सर्वस्व आता तिच्या पाळण्यात झोपलेलं आहे. एक शब्द बोलायची ही वेळ होती. शनिवारवाड्यात अशी वेळ कुणावर आली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. अनसूया त्यांना बसायला आसन देते, आणि तिघांना ज्याच्या त्याच्या रूपात परत करते. देव प्रसन्न होऊन वर मागायला सांगतात, तेव्हा ती एवढंच मागते की, हे माझ्या मांडीवर खेळले तसेच माझे पुत्र होऊन राहोत. चंद्र, दत्त आणि दुर्वास. त्यांतले दोघे पुढे आईचा निरोप घेऊन आपापल्या ठिकाणी जातात, दत्त मात्र तिच्यापाशी राहतात.

आणि त्या तिघी देवी? कथेत त्यांना कसलीही शिक्षा नाही.